मदतकर्त्याची शिदोरी : किल्लारी भूकंपातील वस्तुरूप साहाय्याचा एक विचार

१. विषय आणि मर्यादा

आपत्तीच्या इतिहासात तीन प्रकारची माणसे आढळतात. ज्यांच्यावर संकट कोसळले ते आपद्ग्रस्त. ज्यांनी दुरून साहाय्य पाठविले ते दाते. आणि या दोहोंच्या मध्ये उभे राहून ज्यांनी ढिगारे उपसले, जखमींना वाहून नेले, प्रेतांना अग्नी दिला ते मदतकर्ते. पहिल्या वर्गाची मोजदाद सरकारी तक्त्यांत होते. दुसऱ्या वर्गाच्या याद्या वृत्तपत्रांत छापून येतात. तिसऱ्याच्या वाट्यास बहुधा अहवालाच्या अखेरीस आभाराची दोन वाक्ये येतात. त्याने त्या दिवसांत काय खाल्ले, कोणत्या हत्याराने खणले, रात्री कोठे अंग टाकले, हे प्रश्न इतिहासलेखनात सहसा उपस्थित होत नाहीत. वास्तविक जीव वाचविण्याचे सारे काम ज्याच्या अंगबळावर चालते, त्याच्या पोटाचा आणि हाताचा विचार हा आपत्तीच्या इतिहासाचा एक मूलभूत भाग मानला पाहिजे.

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत झालेला भूकंप हा मराठवाड्याच्या स्वातंत्र्योत्तर इतिहासातील सर्वांत भीषण नैसर्गिक आघात होय. त्या प्रसंगी देशभरातून आणि परदेशांतूनही वस्तुरूप साहाय्याचा मोठा ओघ वाहिला. प्रस्तुत निबंधात त्या ओघाचा, विशेषतः तो मदतकर्त्यापर्यंत कितपत पोहोचू शकत होता याचा, विचार केला आहे. मराठवाड्यातील साहाय्याची कल्पना दुष्काळाच्या अनुभवातून घडली आहे, आणि दुष्काळात कष्ट करणारा व संकटात सापडलेला हा एकच मनुष्य असतो. भूकंपाने ही दोन माणसे एकमेकांपासून वेगळी केली. परंतु देणाऱ्यांच्या मनातील चित्र जुनेच राहिले. किल्लारीच्या वाटेवर जे घडले त्याचा उलगडा बव्हंशी या विसंगतीतून होतो, असे येथील प्रतिपादन आहे.

विवेचनाच्या सोयीकरिता अंतराचे एक माप म्हणून भोकर हे गाव घेतले आहे. नांदेड जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर, मराठवाड्याच्या ईशान्य कडेला वसले आहे. किल्लारी मराठवाड्याच्या दक्षिण कडेला, लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात आहे. भाषा, पीकपाणी आणि निजामी राजवटीचा वारसा या दृष्टींनी दोन्ही गावे एका प्रदेशाची. परंतु मधला रस्ता दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब. आपद्ग्रस्तांबद्दल आप्तभाव बाळगणारा, पण प्रत्यक्ष हाक ऐकू न येणारा असा जो दाता असतो, त्याचे स्थान भोकरसारख्या गावावरून चांगले दिसते.

२. इर्जिक आणि दुखवटा

मराठी ग्रामजीवनात परस्परसाहाय्याच्या ज्या रूढी आहेत त्यांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली इर्जिक. ज्या शेतकऱ्याचे औत मागे पडले असेल त्याच्या रानात शेजारीपाजारी आपापली बैलजोडी घेऊन येतात आणि एका दिवसात नांगरट उरकून देतात. या श्रमाला मजुरी नसते. मात्र ज्याच्या शेतात काम झाले त्याने सर्वांना पोटभर जेवू घालावयाचे असते. जेवणाच्या पंगतीवाचून इर्जिक पुरी होत नाही. म्हणजे साहाय्य घेणाराच साहाय्य देणाऱ्याच्या पोटाची काळजी वाहतो, हा या रूढीचा गाभा होय.

दुसरी रूढी दुखवट्याची. ज्या घरी मृत्यू झाला तेथे चूल पेटत नाही. भाऊबंद आणि शेजारी आपल्या घरून भाकरी-पिठले नेऊन त्या घरच्या माणसांना आग्रहाने दोन घास खावयास लावतात. येथे संकटात सापडलेल्याकडून काहीही अपेक्षिले जात नाही. त्याची चूल काही काळ शेजाऱ्यांच्या घरी पेटते.

सामान्य प्रसंगी या दोन्ही रूढी पुरेशा ठरतात. घर जळाले, विहीर ढासळली, बैल दगावला, तर गाव धावून येते. काम करणारे आणि त्यांना जेवू घालणारे गावातच असतात. परंतु एका रात्रीत सबंध गावच मातीखाली गेले तर काय होते? तेथे काम इर्जिकीचे असते, पण यजमानाची चूल दुखवट्याप्रमाणे विझलेली असते. ढिगारा उपसणाऱ्यास जेवू घालण्याची जबाबदारी अशा वेळी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर या दोहोंपैकी एकाही रूढीत सापडत नाही. शेजारच्या गावाने ती उचलावी असे म्हणता येईल. पण शेजारचे गावही पडले असेल, तर ती आणखी दूर जाते. किल्लारीच्या परिसरात नेमके हेच घडले.

३. दुष्काळाने घडविलेली कल्पना

संकटकाळी धान्य वाटणारा पुरुष हा मराठी लोकस्मृतीत पूज्य ठरला आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत यांनी बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार भुकेलेल्यांना खुले केले, ही संतचरित्रांतून चालत आलेली कथा मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे. तिच्यात दाता आहे, कोठार आहे आणि भुकेलेला आहे. चौथे पात्र नाही. कारण दुष्काळाच्या कथेस त्याची गरज नसते.

पुढे सरकारी व्यवस्थेनेही हीच आकृती वेगळ्या रूपाने स्वीकारली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जे दुष्काळसंकेत तयार झाले, त्यांचा पाया म्हणजे दुष्काळी काम. धडधाकट माणसाला रस्ता, तलाव किंवा बांध यांच्या कामावर घ्यावयाचे आणि मजुरी देऊन जगवावयाचे, हे त्यातील सूत्र होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा टंचाईनिवारणाची हीच परंपरा त्याच्या वाट्यास आली.

१९७२-७३ च्या दुष्काळात ती पूर्ण ताकदीने वापरली गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. खडी फोडणे, पाझर तलाव खणणे, नालाबांध घालणे अशा कामांवर बायाबापड्या राबल्या. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामाच्या जागी वाटली जाणारी सुकडी यांची आठवण त्या पिढीस अखेरपर्यंत राहिली. या सुकडीकडे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्ष द्यावयास हवे. ती काम करणाऱ्याच्या हातात, कामाच्या जागेवर, कामाच्या वेळी पडत होती. मदतकर्त्याची शिदोरी म्हणून जिचा उल्लेख करता येईल अशी ही व्यवस्था होती; फक्त येथे मदतकर्ता आणि आपद्ग्रस्त एकच होता. आपल्या गावचा तलाव खणणारा मजूर स्वतःलाच वाचवीत होता.

या अनुभवातून समाजमनात एक समज दृढ झाला. संकट म्हणजे उपासमार व वस्त्राचा अभाव. साहाय्य म्हणजे धान्य व कपडा. आणि ते घेणारा म्हणजे संकटात सापडलेला. शासनाची घडणही याच समजावर उभी होती. केंद्र सरकारात नैसर्गिक आपत्तींच्या साहाय्याचा विषय २००२ पर्यंत कृषी मंत्रालयाकडे होता, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. आपत्ती मुख्यतः पिकाची असते, असे त्यामागील गृहीत होते.

४. किल्लारी : पहिले प्रहर

भूकंपाची भीती या प्रदेशास अगदीच अपरिचित नव्हती. १९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस किल्लारीच्या परिसरात लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. तथापि भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. त्यामुळे ढिगाऱ्यांतून माणसे काढण्याची साधने किंवा त्यात तरबेज असलेली पथके जवळपास असण्याचे कारणच नव्हते.

अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक उशिरा झोपले होते. धक्का ६.२ ते ६.४ तीव्रतेचा होता. घरांच्या भिंती दगड आणि माती यांच्या, दोन ते चार फूट रुंदीच्या होत्या. वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद. हे माळवद उन्हाळ्यात घर गार ठेवी आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर पडे. त्यामुळे वर्षानुवर्षे छताचे ओझे वाढत गेले होते. भिंती सुटताच हे सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. बावन्न गावे जमीनदोस्त झाली. मृतांचे आकडे निरनिराळ्या गणनांत सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांच्या जवळपर्यंत जातात. जखमींची संख्या सुमारे सोळा हजार होती.

घरांच्या या रचनेचा बचावकार्याशी निकटचा संबंध आहे. सिमेंट काँक्रीटची इमारत कोसळली तर तिच्या फरशा एकमेकींवर तिरप्या पडून मध्ये पोकळ्या राहण्याचा संभव असतो, आणि त्यांत माणूस काही दिवस तग धरू शकतो. दगडमातीचे घर पडते तेव्हा माती प्रत्येक फटीत भरते आणि श्वासास वाव उरत नाही. मंगरूळ येथे सुमारे पाचव्या दिवशी एक दीड वर्षाची मुलगी लष्कराच्या पथकाने जिवंत बाहेर काढली. ही घटना देशभर गाजली, ती तिच्या विरळपणामुळेच. गाडलेल्यांपैकी जे वाचणार होते ते बहुतेक पहिल्या काही तासांतच वाचणार होते. हे तास बाहेरच्या कोणत्याही पथकाच्या हाती नव्हते.

या तासांत ज्यांनी खणले ते गावातले आणि शेजारच्या वाड्यावस्त्यांतले लोक होते. काळोख होता, पडलेल्या गावांत वीज नव्हती. कुदळ, फावडे, पहार ही अवजारे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतात, पण ती त्याच घराच्या ढिगाऱ्याखाली गेली होती. कित्येकांनी नुसत्या हातांनी माती उपसली. जो खणत होता त्याचीच माणसे आत होती. त्याला आपद्ग्रस्त म्हणावे की मदतकर्ता, हे ठरविणे कठीण आहे. नंतरच्या याद्यांत त्याची नोंद पहिल्या रकान्यात झाली. त्याने केलेल्या कामाकरिता रकानाच नव्हता.

दिवस उजाडल्यावर लातूर, औसा, उमरगा, निलंगा या बाजूंनी लोक येऊ लागले. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तेथे पोहोचले. डॉक्टर, पोलीस, राज्य राखीव पोलीस दल, लष्कर आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते यांनी क्रमाक्रमाने कामाचा भार उचलला. पुढील दिवसांत पाऊस कोसळला आणि उपसलेल्या मातीचा चिखल झाला. प्रेते कुजू लागली. सामुदायिक चिता रचाव्या लागल्या आणि पडलेल्या घरांच्या तुळयाच त्यांना लाकूड म्हणून कामी आल्या. काम करणाऱ्यांच्या गरजा या परिस्थितीनेच ठरविल्या होत्या. टिकाव, पहारी आणि घमेली, दोर, बत्त्या आणि रॉकेल, हातमोजे आणि नाकातोंडावर बांधावयाचे कापड, चुना आणि जंतुनाशके, पिण्याचे स्वच्छ पाणी, हात न धुता खाता येईल असे कोरडे अन्न, पावसात पाठ टेकण्यापुरती ताडपत्री. यांपैकी कोणतीही वस्तू मौल्यवान नव्हती. तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत त्या मिळतात. मात्र ‘भूकंपग्रस्तांना मदत’ हे शब्द ऐकल्यावर दात्याच्या डोळ्यांसमोर त्या येत नाहीत.

५. दुरून निघालेले दान

दूरच्या गावातील दात्याची स्थिती येथे लक्षात घ्यावयास हवी. भोकरला सकाळी आकाशवाणीवरून बातमी कळली असे धरले, तर गावात फेरी काढून वस्तू गोळा करण्यात तो दिवस जातो. मालमोटार मिळवून, भरून ती नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा या वाटेने न्यावयाची. म्हणजे भोकरच्या अंतरावरून निघालेली वस्तू किल्लारीस लवकरात लवकर दुसऱ्या दिवशी पोहोचते. पुणे, मुंबई किंवा त्याहून दूरच्या शहरांचा हिशेब यापेक्षा फारसा वेगळा नाही. वेळेच्या या मापावरून एक गोष्ट स्पष्ट होते : दुरून आलेली कोणतीही वस्तू जीव वाचविण्याच्या पहिल्या तासांकरिता उपयोगी पडणे शक्य नव्हते. ती उपयोगी पडली असती ती पुढील आठ-दहा दिवस राबणाऱ्या माणसांना आणि वाचलेल्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यास.

परंतु दाता काय पाठवावयाचे ते आपल्या घरातील फडताळ पाहून ठरवितो. वापरलेले कपडे प्रत्येक घरी असतात, त्यांना किंमत द्यावी लागत नाही आणि ते दिल्याने उघड्यास वस्त्र दिल्याचे समाधान लाभते. किल्लारीच्या परिसरात जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिल्याचे दृश्य अनेकांनी पाहिले. त्यावरून तेथील लोकांवर उद्दामपणाचा आरोप करणेही अन्यायाचे होईल. ज्याचे शेत शाबूत होते, खरिपाचे पीक उभे होते आणि रब्बीच्या पेरणीची वेळ जवळ आली होती, तो कालपर्यंत आपल्या चुलीवर पाहुण्यास जेवू घालणारा शेतकरी होता. त्याचे घर गेले होते. प्रतिष्ठा गेलेली नव्हती. इर्जिकीत जेवू घालणाऱ्याच्या बाजूस उभा राहणारा माणूस एका रात्रीत उतरलेल्या कपड्यांचा याचक होऊ शकत नाही.

मालाच्या बरोबर माणसांचीही गर्दी झाली. त्या काळी लातूरला कुर्डुवाडीकडून येणारी अरुंदमापी गाडी हीच जुनी रेल्वे होती; यास्तव सारा भार रस्त्यांवर पडला. पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील उमरग्याची बाजू आणि लातूर–औसा ही बाजू, अशा मुख्यतः दोन वाटांनी मालमोटारी, रुग्णवाहिका, मान्यवरांच्या गाड्या आणि केवळ पाहावयास आलेले लोक एकत्रच येऊ लागले. वाहतूक खोळंबली. या खोळंब्यात अडकणारी प्रत्येक रुग्णवाहिका आणि अवजारांची प्रत्येक गाडी ही सदिच्छेने केलेल्या गर्दीची किंमत मोजत होती.

६. वस्तूला लागणारे हात

दान दिले की दात्याचे कर्तव्य संपते, असा सामान्य समज आहे. वस्तूच्या दृष्टीने पाहिले तर तिचा प्रवास तेथे सुरू होतो. प्रत्येक पोते कोणीतरी उतरवावे लागते, उघडावे लागते, निवडावे लागते, पावसापासून झाकावे लागते आणि योग्य त्या माणसापर्यंत न्यावे लागते. हे हात कोठून येतात? आपत्तीच्या जागी अशी कामे करणारे मोकळे हात नसतात. म्हणून निरुपयोगी वस्तू ही केवळ वाया जात नाही. ती खणणाऱ्याचे, शुश्रूषा करणाऱ्याचे किंवा पाणी वाहणाऱ्याचे हात आपल्याकडे ओढून घेते.

या बाबतीत किल्लारीच्या पाच वर्षे आधीचे एक उदाहरण उद्बोधक आहे. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात झालेल्या भूकंपानंतर निरनिराळ्या देशांनी किमान पाच हजार टन औषधे व वैद्यकीय साहित्य पाठविले. नंतर झालेल्या पाहणीत असे आढळले की, त्यातील जेमतेम तीस टक्के माल सहज निवडता येण्याजोगा होता. काय काय आले आहे याचा नीट अंदाज येण्यास पन्नास माणसांना सहा महिने खपावे लागले. औषधासारखी मोलाची वस्तूदेखील नाव, भाषा आणि मुदत यांची जाण न ठेवता पाठविली, तर मदतकर्त्याच्या पाठीवरील ओझे होते. मग जुन्या कपड्यांचे काय सांगावे!

याउलट तयार अन्नाचा विचार करता येईल. मोठ्या प्रमाणावर शिजवून वाढण्याची कायमची व्यवस्था असलेल्या संस्था या प्रदेशात आहेत. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याशी निगडित लंगरची परंपरा हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. अशा पंगतीचे वैशिष्ट्य असे की, बसणाऱ्यास तो कोण हे विचारले जात नाही. घर पडलेला गावकरी आणि ते उपसणारा जवान एकाच ओळीत बसू शकतात. शिधावाटपाच्या याद्यांत ज्या मनुष्यास रकाना नसतो, त्यास पंगतीत पान असते. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात कोरड्या धान्याहून शिजलेल्या अन्नाचे मोल अधिक ठरते, ते याही कारणामुळे. धान्यास चूल लागते, सरपण लागते, भांडी लागतात आणि रांधणारी माणसे लागतात. पडलेल्या गावात यांपैकी काहीही नसते.

७. भूकंपानंतरची व्यवस्था

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनाचा इतिहास तुलनेने सुपरिचित आहे. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने १९९४ मध्ये महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्प सुरू झाला आणि बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. अनेक संस्थांनी एकेक गाव दत्तक घेऊन घरे बांधली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणाकरिता पुण्यास नेले. हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीचे काम उभे राहिले. या प्रयत्नांत दात्याने वस्तू पाठवून मोकळे होण्याऐवजी दीर्घ मुदतीची जबाबदारी पत्करली, हा महत्त्वाचा फरक होता.

बचावकार्याच्या बाबतीत बदल होण्यास अधिक काळ लागला. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधील भूकंपानंतर विचारास गती मिळाली. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. या दलाची पथके आपली साधने व शिधा बरोबर घेऊन निघतात. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९९१ पासून कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शोध व बचाव सल्लागार गटाचाही दंडक असाच आहे : परदेशी जाणाऱ्या पथकाने आपल्या अन्नपाण्याची सोय स्वतः केलेली असावी आणि आपद्ग्रस्त देशावर भार टाकू नये. इर्जिकीची रीत येथे जाणूनबुजून उलटविली आहे. मदतीस येणारा आपली शिदोरी बांधून येतो.

तथापि ही व्यवस्था गणवेशातील मदतकर्त्यापुरती आहे. दि. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा डोंगरावर यंत्रे नेणे शक्य झाले नाही. जवानांना आणि स्थानिक गिर्यारोहकांना हातांनीच काम करावे लागले आणि प्रत्येक वस्तू खांद्यावरून वर न्यावी लागली. चढ चढताना एका अग्निशामक अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ आदी गावे पुराने वेढली गेली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर लष्करासही पाचारण करावे लागले. पथके येईपर्यंतचा वेळ मात्र १९९३ प्रमाणेच गावकऱ्यांच्या हाती राहतो. रस्ते सुधारले, दूरध्वनी खिशात आले, तरी पहिला हात शेजाऱ्याचाच असतो.

कायद्याची भाषाही या संदर्भात पाहण्याजोगी आहे. २००५ च्या कायद्याचे बारावे कलम आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या साहाय्याच्या किमान प्रमाणांविषयी आहे. निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांचा त्यात निर्देश आहे. पन्नासावे कलम बचाव व साहाय्य यांकरिता लागणाऱ्या वस्तू तातडीने खरेदी करण्याची मोकळीक देते. ढिगारा उपसणाऱ्या साध्या गावकऱ्याच्या अन्नपाण्यासंबंधी बाराव्या कलमासारखे कोणतेही किमान प्रमाण मात्र कायद्याने घालून दिलेले नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मृतांच्या वारसांना मिळणाऱ्या साहाय्यात मदतकार्य करताना दगावलेल्यांचाही समावेश आहे. म्हणजे मदतकर्ता आणि आपद्ग्रस्त यांची गणना एका ओळीत होते ती मृत्यूनंतर. जिवंतपणी त्याच्या हातमोज्यांची आणि भाकरीची नोंद कोठे व्हावयाची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या दिशेने पडलेले एक पाऊल म्हणून ‘आपदा मित्र’ योजनेचा उल्लेख करावयास हवा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे देशातील साडेतीनशे जिल्ह्यांपर्यंत विस्तारलेल्या या योजनेत स्थानिक स्वयंसेवकांना प्रशिक्षणाबरोबर बचावसाहित्याचा संच आणि विम्याचे संरक्षण देण्याची तरतूद आहे. किल्लारीस नुसत्या हातांनी माती उपसणाऱ्या माणसाला शासनाच्या यादीत पहिल्यांदाच स्वतंत्र नाव मिळाले, असे या योजनेविषयी म्हणता येईल. संच मात्र प्रशिक्षित स्वयंसेवकापुरता असतो. त्याच्याबरोबर धावणाऱ्या पन्नास शेजाऱ्यांची गरज त्यातून भागत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावर एक आक्षेप संभवतो. मदतकर्त्यास साधने पुरविणे हे शासनाचे काम आहे; सामान्य दात्याने करुणेपोटी जे सुचेल ते द्यावे, त्यात हिशेब शोधणे अनुदारपणाचे आहे, असे कोणी म्हणेल. दात्याची करुणा खरी असते यात शंका नाही. परंतु १९९३ च्या अनुभवावरून दिसते की, साहाय्याचा परिणाम दात्याच्या हेतूवर अवलंबून राहत नाही. वस्तू कोणती, ती केव्हा पोहोचते आणि तिला किती हात लागतात, या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो. करुणेने दिलेले पोते रुग्णवाहिकेच्या वाटेत उभे राहिले, तर रुग्णाच्या दृष्टीने ते अडथळाच होय.

या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या तर निरनिराळ्या अंतरांवरील गावांची कामे आपोआप वेगळी होतात. आपत्तीच्या लगतच्या गावांनी माणसे, अवजारे, पाणी आणि शिजलेले अन्न द्यावे. त्यांच्याजवळ वेळ आहे. एका दिवसाच्या वाटेवरील गावांनी ताडपत्र्या, बत्त्या, हातमोजे, दोर अशा एकाच प्रकारच्या, मोजलेल्या वस्तू, त्याही मागणी आल्यावर, पाठवाव्यात. भोकरच्या अंतरावरील गावांनी पहिल्या लाटेत रस्त्यावर गर्दी न करता पैसा द्यावा, आणि दुसऱ्या आठवड्यात, पहिले हात थकल्यावर, आपल्या शिध्यानिशी बदली माणसे पाठवावीत. बदली माणूस ही मदतकर्त्यास देता येण्याजोगी सर्वांत मोठी वस्तू आहे, कारण तिच्यामुळे त्याला झोप मिळते.

मराठवाड्याने दुष्काळाकडून दातृत्वाचे पाठ घेतले आणि ते निष्ठेने गिरविले. १९७२ ची सुकडी कामाच्या जागेवर राबणाऱ्याच्या हातात पडली, हा त्या पाठाचाच एक भाग होता. तो मागे पडला आणि कोठार व याचक एवढेच चित्र लक्षात राहिले. किल्लारीच्या इतिहासाचे पुनर्वाचन करावयाचे ते हा मागे पडलेला भाग पुन्हा वर काढण्याकरिता. मृतांचे आकडे, बांधलेली घरे आणि दात्यांच्या याद्या यांबरोबर खणणाऱ्यांच्या शिदोरीचीही नोंद झाली पाहिजे. त्या पहिल्या प्रहरांत ज्यांनी नुसत्या हातांनी माती उपसली, त्यांच्यापैकी कित्येक जण आज हयात असून वृद्ध झाले आहेत. त्यांच्या तोंडून त्या दिवसांचा तपशील टिपून ठेवणे हे या विषयाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे कार्य होय.